खांद्याचं मलम

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक. लाँड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते. फोनवर बोलता येत नाही, खोली एकच, सगळ्यांचे कान तिथेच. म्हणून लिहिते. डाव्या छातीत गाठ लागते, सुपारीएवढी. दुखत नाही. दवाखान्यात म्हणाले, इथली भाषा येणारं माणूस सोबत आणा. यांना येत नाही, म्हणून मोठे भावोजी आले. काय होतंय, असं डॉक्टरीणबाईंच्या वतीने त्यांनी विचारलं. मी खांदा दाखवला. मलम मिळालं. रोज लावते.

तुझी, धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं वेडाबाई, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! थोरल्या दिरापुढे तुझं तोंड उघडत नाही, ठाऊक आहे मला. लग्नात त्यांना पाणी द्यायचं तर तांब्या माझ्या हाती कोंबून पळाली होतीस. पण लाजेनं गाठ विरघळते होय? म्हशीच्या कासेला गाठ आली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो. तू काय म्हशीहून स्वस्त? जाऊबाईंच्या कानावर घाल, त्या भावोजींना सांगतील. उत्तर लगेच धाड, इथे घास उतरत नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच, अक्का


ता. ११ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. जाऊबाईंना सांगितलं होतं. असलं त्यांच्यापुढे मी तरी कसं काढू, म्हणाल्या. मग मीही गप्प बसले. गाठ लिंबाएवढी झाली.

काल खांदा बघायला पुन्हा बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई खांदा दाबत होत्या, भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे. मी त्यांच्या पाठीलाच सांगितलं, "भावोजी, खांदा नाही. छातीत गाठ आहे."

ते वळले नाहीत. तसंच भिंतीकडे बघत त्यांनी ते बाईंना सांगितलं. बाईंचा हात खाली सरकला आणि थांबला. मग त्या बराच वेळ बोलल्या. भावोजींनी मला त्यातलं एवढंच सांगितलं, "लवकर यायला हवं होतं."

मला रडू आलं नाही. तिथून कामावर गेले, घड्या नीट जमल्या. सोमवारी ऑपरेशन, हे रात्री यांच्याकडून कळलं. भावोजींनी रजा काढली आहे.

लोभ आहेच, आता थोडा जास्त लागेल.

तुझी, धाकटी