बेलझरीच्या पन्हळीची राहून गेलेली पाहणी

प्रति,
मा. विशेष अधिकारी (प्रलंबित पाहण्या),
प्राचीन वास्तू नोंदणी कार्यालय, नागपूर.

विषय : बेलझरी येथील विहिरीची भिंत व दगडी पन्हळ यांची अर्धवट राहिलेली पाहणी संपवून भिंत पाडू देण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दिनांक ४ मार्च १९६३.

महोदय,

मी पोस्टमन असून अमरावती रोडवरील बेलझरीच्या बौद्ध वस्तीत राहतो. वस्ती आणि विहीर यांच्यामध्ये एक भिंत आहे व भिंतीतून दगडी पन्हळ काढलेली आहे. आम्ही विहिरीला शिवू नये म्हणून पलीकडून कोणाला दया आली तर तो पाणी ओतीत असे आणि अलीकडे आमच्या बाया घागर धरून उभ्या राहत. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या पन्हळीखाली घागर लागलेली नाही. चाळीस घरे मैलभर चालून वाडीच्या गोदामांजवळच्या नळावरून पाणी आणतात. विहिरीची दुसरी वाट मालक महादेवराव यांच्या माजघरातून जाते.

मे १९६१ मध्ये महादेवरावांनी स्वतः भिंत पाडण्यास लेखी संमती दिली, पंचायतीने ठराव केला, सब्बल-फावडी गोळा झाली. त्याच आठवड्यात आपले सर्वेक्षक दुसरीच कुठली समाधीवरची जुनी छत्री शोधत आमच्याकडे आले. त्यांनी पन्हळ किती जुनी असे विचारले. आमच्या चार पिढ्या इथे उभ्या राहून गेल्या, असे मी सांगितले. मी ते तक्रार म्हणून सांगितले, त्यांनी गुण म्हणून लिहून घेतले आणि पाहणी होईपर्यंत भिंतीला हात लावण्यास मनाई केली. चूक माझीच. सरकारी माणसाने वही उघडल्यावर मी तोंड आवरायला हवे होते.

पुढे प्राचीन वास्तूंचा नवा कायदा आला. त्याच्या नियम ७ प्रमाणे जुन्या पाहण्या नव्या कायद्याखाली सुरू झाल्या असे समजावयाचे, पण निर्णय मात्र जुन्या समितीने द्यावयाचा. जुनी समिती त्याच कायद्याने बरखास्त झालेली आहे. मी अकरा खेपा घातल्या. पत्ता चुकलेले पत्रसुद्धा आमच्या खात्यात इतके फिरत नाही, ते पाठवणाऱ्याकडे परत तरी येते.

आता आपण कळविता की, पन्हळीचा मूळ वापर खंडित झाल्याने वास्तूचे मोल घटत आहे, त्याचा खुलासा करावा. आणि २६ मार्चच्या पाहणीस मूळ वापर करणाऱ्या कुटुंबातील एक वयस्क स्त्री घागरीसह हजर ठेवावी. हे वाचून मला संताप आला व दोन दिवस मी पत्र घरात दाखविले नाही. खुलासा एवढाच की, वापर खंडित झालेला नाही. तो आम्ही लाखो लोकांच्या साक्षीने बंद केला आहे.

वयस्क स्त्री म्हणजे माझी आई बायजाबाई, वय सत्तर. तिला अखेर पत्र वाचून दाखविले. तिचा जबाब जसाच्या तसा उतरवितो : "साहेबाले सांग, मी येईन. पण विहिरीवर मी उभी राहीन, अन् पन्हळीखाली त्याइनं ओंजळ धरावी. मी पाणी कवा ओतीन ते माह्या मनावर. मंग त्याइले समजन किती जुनी हाय ते."

सबब २६ तारखेच्या आत भिंत पाडण्याची परवानगी मिळावी. ती नियमात बसत नसल्यास पाहणी आईच्या जबाबाप्रमाणे घेण्यात यावी. दोर-बादली देण्याचे महादेवरावांनी कबूल केले आहे. आपण तहानलेले यावे.

आपला, अजून तरी नम्र,
देवाजी नत्थू सुखदेवे
बेलझरी, नागपूर
दि. १२ मार्च १९६३

सोबत : पंचायतीच्या ठरावाची नक्कल, महादेवरावांचे संमतीपत्र, जबाबाखाली बायजाबाईंचा अंगठा.