टिकलीखालचा डाग

मंगळवार, संध्याकाळ

धंतोलीच्या डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली. खाज आणि पांढरा डाग, सगळं त्या गोंदामुळेच. तशीच मोकळ्या कपाळानं घरी आले, तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "अशी काहून फिरून राहिली वं? नवरा जिता हाये ना तुहा?"

मी चिडलेच. "आई, गोंदानं कातडी जळते माझी!"

त्यांनी स्वतःची मोठी टिकली सोलून काढली. खाली डाग, माझ्यापेक्षा मोठा.

"मले वाटे, सगळ्याच बायकायले होते हे."

तेवढ्यात फाटकाशी सासऱ्यांची स्कूटर वाजली. सासूबाईंनी घाईघाईनं तीच टिकली परत चिकटवली.

आणि मी? मीही लावली. का लावली?

लिहितेय, आणि कपाळ खाजतंय.