बौशरची राणी

बाई, मला राणी मिळाली! तुमची राणी, राजाला भर दरबारात शाप देणारी, जिच्यापायी गावोगावचे लोक तुम्हाला नावाने न ओळखता राणीच म्हणायचे. एकसष्टाव्या वर्षी, इथे ओमानात, बौशरच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात. आज संध्याकाळी प्रयोग आहे आणि सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. चहात दोनदा साखर घातली, नवरा तसाच प्यायला.

आमचा दिग्दर्शक तिशीतला, दुक्मच्या रिफायनरीत इंजिनिअर. सुट्टीला गाडी हाकत येतो आणि आल्या आल्या "यल्ला, उभे राहा सगळे!" त्याने तुमच्या नाटकाचं जुनं पुस्तक कुठूनसं मिळवलं आणि राणी कोण करणार म्हणून विचारलं. दोघीजणी तयार होत्या, वयाने माझ्याहून लहान आणि आवाजाने मोठ्या. मला राहवेना. उठून म्हणाले, "मी ज्यांच्याकडे गाणं शिकले, त्या बाईच ही राणी करायच्या. मी त्यांना स्टेजवर पाहिलंय." झालं, भूमिका माझी. तुम्ही रंगभूमी सोडलीत तेव्हा माझ्या आईचंसुद्धा लग्न झालं नव्हतं, पण इथे हिशेब कोण करतंय!

मागच्या शुक्रवारी शापाच्या प्रवेशाची तालीम होती. मी अशी रंगले की विचारू नका. दिग्दर्शकाने मध्येच थांबवलं. "काकू, राइट हँडला काय झालंय? फ्रोझन शोल्डर आहे का?" मी खाली पाहिलं. उजवा हात पोटाशी दुमडलेला, मूठ वळलेली, आणि सगळा शाप डाव्या हाताने चाललेला. तेव्हा लख्ख आठवलं. मी दहा वर्षांची आहे, मिरजेला तुमच्या खोलीत, गाण्याची शिकवणी संपलीय. तुम्ही स्टोव्हपाशी भाकऱ्या करताय आणि मी सहज विचारते, "बाई, तुम्ही राणी कशा व्हायचात?" तव्यावर भाकरी, उजव्या हातात उलथणं. ते खाली ठेवायचं तुम्हाला सुचतच नाही. तुम्ही डावा हात उचलता आणि असा आवाज लावता की शेजारीण दारात येऊन उभी राहते. बाई, मी पन्नास वर्षं ते उलथणं हातात धरून बसले होते!

मला हसूच फुटलं आणि हसता हसता खरं सांगून टाकलं. स्टेजवर नाही, स्वयंपाकघरात पाहिलं, तेही एकदाच. भूमिका गेली असं धरूनच चालले होते, त्या दोघींपैकी एकीने तर पुस्तकही उघडलं. दिग्दर्शकाने तिच्या हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "काकू, उलथणं खलास. आता दोन्ही हातांनी द्या शाप." दिला. कसा दिला मलाच कळलं नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्या दोघीही.

त्या टाळ्यांपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी शाप संपवून, धापा टाकत, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कसं झालं म्हणून. बहुधा तो तुमचा शेवटचा प्रयोग, आणि प्रेक्षक मी एकटी. मी टाळी वाजवली नाही, बाई. म्हटलं, "भाकरी करपतेय."