सांता क्लाराची बारा अंडी

२७ एप्रिल, रविवार
तीन कोंबड्या आणल्या. गावठी. परसात आंब्याखाली खुराडं उभं केलं. थोडं कलतं आहे, पण कोंबड्यांना चालेल.

कारण लिहून ठेवतो. लिनचं लग्न २१ जूनला, जेवण आमच्याच बागेत. जून म्हणजे पाऊस. त्यावरचा उपाय अख्ख्या बातांगास प्रांताला माहीत आहे. सांता क्लाराच्या मठात डझनभर अंडी नेऊन द्यायची, आतल्या सिस्टर प्रार्थना करतात, लग्न कोरडं पार पडतं. लोक दुकानातली अंडी देतात. काहीच्या काही. एकुलत्या एका लेकीचं लग्न आणि अंडी दुकानातली?

आज जेवताना सगळ्यांसमोर शब्द दिला. बाराच्या बारा अंडी माझ्या कोंबड्यांची. आणि मांडव नाही. मांडव घालणं म्हणजे संतिणीवर अविश्वास दाखवणं. मांडववाल्याला मी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. लिन म्हणाली, बरं बाबा. नीलानं (बायको) मासळीचे काटे काढणं चालू ठेवलं. होणाऱ्या विहीणबाई पुरिता फोनवर म्हणाल्या, मालाबानानसाहेब, तुमच्या कोंबड्यांच्या भरवशावर माझ्या मुलाचा सूट भिजवू नका म्हणजे झालं. बाईंना सिस्टिम काय असते ते माहीत नाही.

२८ एप्रिल, पहाटे ५.१०
बस डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. कोंबड्या म्हणजे काय मोठं. टाइमटेबल करून खुराड्यात टांगलं. ५.३० उठणे. ५.४५ दाणे. ६.१५ ते ७.०० अंडे. नंतर मोकळा वेळ.

तीन कोंबड्या, रोज तीन अंडी. मेअखेर शंभर. उरलेल्या अठ्ठ्याऐंशीचं काय करायचं, हा खरा प्रॉब्लेम. विहीणबाईंना पाठवू.

प्रांतांवरून नावं ठेवली, सौंदर्यस्पर्धेसारखी: मिस बातांगास, मिस लागुना, मिस केसोन. नीला म्हणाली, आता सॅश शिवून द्या.

३ मे
अंडी: शून्य. मिस लागुनानं टाइमटेबल खाल्लं. पुठ्ठा होता. चूक माझी, लॅमिनेट करायला हवं होतं.

६ मे
शेजारच्या इस्कोचा झुंजीचा कोंबडा, सिनेटर, कुंपणावरून उडून आमच्याकडे आला. तासभर होता. कोंबड्या एकदम चपळ झाल्या. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही हे मी पुस्तकात वाचलं आहे, पण शिस्तीला बरा. इस्को कुंपणापलीकडून ओरडला, पारे (म्हणजे दोस्ता), तो शिस्त लावायला येत नाही रे! म्हटलं, तुझं लक्ष सगळं झुंजीवर, तुला शिस्त काय कळणार. तो हसत बसला. बराच वेळ.

१२ मे, सकाळी ९.४०
अंडं!! मिस बातांगास. दोन तास चाळीस मिनिटं लेट, पण पहिल्या फेरीला मी कधी लेट मार्क लावत नाही. फोटो काढला. लिननं हातात घेतलं आणि म्हणाली, बाबा, खरंच की! विहीणबाईंना फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. फक्त अंगठा.

१३ मे
इस्कोचा सल्ला: खोप्यात एक अंडं कायम ठेवायचं, म्हणजे कोंबडी दुसरं तिथंच घालते. तसं ठीक आहे. पण इस्को पुढचा विचार करत नाही. एक ठेवल्यानं एक येतं, तर सगळी ठेवल्यानं किती येतील? शिवाय नीलाच्या फ्रिजला खारवलेल्या माशांचा वास आहे. सिस्टरांना माशांच्या वासाची अंडी द्यायची का? सगळी खोप्यातच राहतील. निर्णय झाला.

२० मे
पाच. सिनेटर रोज येतो. वेळेवर येतो, हे सांगायला हवं.

२९ मे
बारा! मुदतीच्या तीन आठवडे आधी. आनंदाच्या भरात इस्कोलाही कॉफी पाजली.

मिस बातांगास बाराही अंड्यांवर पंख पसरून बसली आहे. उठतच नाही. हात घातला तर चोच मारली, रक्त आलं. किती ही निष्ठा! सिक्युरिटी गार्ड फुकटात मिळाला. अंडी हाताला छान गरम लागली. यालाच ताजं म्हणतात.

५ जून
मिस लागुना संपावर. मिस केसोन दिवसभर इस्कोच्या केळीत असते, संध्याकाळी फिरून येते. इस्को हल्ली रोज सकाळी ऑम्लेट खातो. खाऊ दे. मी कुणावर जळत नाही.

नीलाशी वाद. ती म्हणाली, अहो, इतके दिवस कोंबडीखाली राहिलेल्या अंड्यांचं काय होतं ते शाळेतल्या पोराला विचारा. म्हटलं, शाळेतल्या पोरानं एकतीस वर्षं डेपो चालवला आहे का? म्हणाली, मी दुकानातून डझन आणते, कुणाला कळणार आहे? मी रागानं जेवलो नाही. म्हणजे, भात घेतला नाही.

१४ जून
रेडिओवर समुद्रात कुठंतरी वादळ तयार होतंय म्हणाले. मी निश्चिंत. पण संध्याकाळी लिन बागेत एकटीच उभी राहून आभाळाकडे बघत होती. टेबलं कुठं लावायची ते पावलांनी मोजत होती. शब्द दिलाय मी तिला. खुराड्यात जाऊन पुन्हा मोजली. बारा आहेत.

१९ जून, गुरुवार, संध्याकाळ
सविस्तर लिहितो.

सकाळी अंडी ताब्यात घेतली. मिस बातांगासनं तीन ठिकाणी चोच मारली. टोपलीत भाताचा कोंडा, त्यात अंडी, वरून नीलाची चांगली ओढणी. ८.०५ ची जीपनी (शेअर जीप) पकडली. टोपली मांडीवर.

लिपा शहराच्या अलीकडे चिवचिव ऐकू यायला लागली. मला वाटलं, मागची स्प्रिंग. ड्रायव्हरला सांगितलं, ग्रीसिंग करून घे. तो म्हणाला, काका, आवाज तुमच्या मांडीवरून येतोय. समोरच्या बाई टोपलीकडे बघून क्रूसाची खूण करायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

मठात भिंतीला गोल फिरणारं लाकडी कपाट आहे. सिस्टर आत, आपण बाहेर, चेहरा दिसत नाही. लिनचं पूर्ण नाव घालून चिठ्ठी लिहिली: रिझालिन मालाबानान, २१ जून, पाऊस नको. चिठ्ठी आणि टोपली कपाटात ठेवून कपाट फिरवलं. आत कुणीतरी हसू दाबल्यासारखं झालं. मग कुणीच दाबेना. चारपाच जणी तरी असतील.

एक म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, बाळा, दोन पोचलेत, बाकीचे दार ठोठावतायत. म्हटलं, सिस्टर, काल रात्रीपर्यंत अंडीच होती. त्या म्हणाल्या, आम्ही अंडी नाश्त्याला घेतो रे, पिल्लं बाप्तिस्म्याला घेत नाही. यांना आई लागेल, लगेच घरी ने.

कपाट फिरलं. टोपली परत. माझे कान लाल झाले असणार, गरम लागत होते. विचारलं, मग पावसाचं काय? त्या म्हणाल्या, प्रार्थना करू आम्ही, त्याला अंडी कशाला लागतात?

म्हणजे काम झालं. तोंडी आश्वासन आहे, साक्षीदार चारपाच.

२० जून
नऊ पिल्लं. तीन अंडी बाद. मिस बातांगासनं पिल्लं लगेच पंखाखाली घेतली, माझ्याकडे मात्र बघत नाही.

घरी सांगितलं की अंडी पोचली आणि सिस्टरांनी खूश होऊन आशीर्वाद म्हणून पिल्लं दिली. नीलानं माझ्याकडे पाहिलं. मग पिल्लांकडे. नऊच्या नऊ सिनेटरवर गेली आहेत. इस्को कुंपणावर हात ठेवून म्हणाला, पारे, जन्मभर बसच्या वेळा लिहिल्यास, आणि एकवीस दिवस मोजता आले नाहीत? त्याला लग्नाला बोलावलं आहे, आता नाही म्हणता येत नाही.

दुपारपासून वारा. ढगांचा रंग चांगला नाही. लिनला म्हटलं, काळजी करू नकोस. ती म्हणाली, नाही करत बाबा. किती विश्वास!

२२ जून, रविवार, सकाळ
काल सकाळी सहाला दारात ट्रक आला. चार माणसं मांडव उतरवायला लागली. मी बारोंग (लग्नाचा सदरा) अर्धा घालून धावलो, ओरडलो, हे घर नाही, चुकलात तुम्ही! एकानं कागद दाखवला. बुकिंग: रिझालिन मालाबानान. मग मी बाजूला झालो.

दुपारी ३.२० ला सुरू झाला. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना असा पाऊस. ६.०५ ला थांबला. मांडवाखाली एकशे चाळीस माणसं, सगळी कोरडी. जावयाचा सूट कोरडा. विहीणबाईंनी तीनदा डुक्कर वाढून घेतलं आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बापलेकीचा नाच. दोनदा तिच्या गाउनवर पाय दिला. विचारलं, मांडव कधी सांगितलास? ती म्हणाली, तुम्ही शब्द दिलात ना बाबा, त्याच दिवशी. जेवण झाल्याझाल्या.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आठ आठवडे पहाटे उठत होतो मी. म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात. आणि सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा फोन करून तो रद्द केला असता.

केला असता.