आठ बीकर दूध

५ ऑक्टोबर, सोमवार, पहाटे ५.१०
आजपासून पहाटे उठायचं. उठलो. गजर हिने लावला, बंदही हिनेच केला, पण जागा मी झालो.

विभागप्रमुख महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. खुर्ची रिकामी होणार. जीवशास्त्र विभागात माझ्याइतकं जुनं दुसरं कोणी नाही. पण नुसतं जुनं असून भागत नाही, काम दिसावं लागतं. तीस तारखेला सेमिनार. बाहेरून तज्ज्ञ बाई येणार.

विषय ठरला: उघड्या दुधातले जिवाणू. आठ बीकर दूध, एकवीस दिवस, रोज सकाळी सातला मोजणी. आधी एक जात येते, दूध आंबवते आणि आपणच केलेल्या आंबटपणात आपणच मरते. मग आंबट सोसणारे येतात. मग यीस्ट, बुरशी. शेवटी प्रथिनं खाणारे. याला सक्सेशन म्हणतात. हिला सविस्तर समजावलं. ही म्हणाली, दूध घरातलं नेऊ नका.

६ ऑक्टोबर, सकाळी ९.४५
सातला पोचलो नाही. पहाटे उठल्यामुळे झोप अपुरी पडते, हे लक्षात आलं नव्हतं. मोजणी मात्र झाली, धाकट्याने केली. धाकटा म्हणजे विभागातला माझा सहकारी. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा पेट्री डिशचं झाकण किती उचलायचं तेही त्याला मी शिकवलं. तेव्हापासून धाकटा भाऊच मानतो. सकाळची मोजणी कायमची त्याच्याकडे दिली. मी देखरेख करीन.

डिशमध्ये अजून फारसं काही नाही. ही लॅग फेज. बाहेरून जिवाणू स्वस्थ दिसतात, आत तयारी चाललेली असते. माझंही सध्या तसंच आहे.

९ ऑक्टोबर
दूध फाटलं. आकडे भराभर चढले. मीही आज सेमिनारच्या शोधनिबंधाचं ऋणनिर्देशाचं पान लिहिलं, तीन वेळा. धाकट्याला कुठे घ्यावं? ‘तांत्रिक साहाय्य’ ठीक वाटतं. मावशींच्या वर, आईवडिलांच्या खाली. (मावशी म्हणजे लॅब झाडणाऱ्या.)

१२ ऑक्टोबर, सोमवार
धाकट्याचे सासरे दवाखान्यात, म्हणून शनिवार-रविवारची मोजणी मी अंगावर घेतली होती. शनिवारी निघालोही. चपला घातल्या होत्या. तेवढ्यात मेहुणा आला. रविवारी तो गेला नाही.

दोन दिवसांचे आकडे अनुभवावरून भरले. धाकट्याने वही बघितली आणि विचारलं, सर, सगळे आकडे शून्यावर कसे संपतात? म्हटलं, बावीस वर्षं दूध बघतोय मी. त्याने वही मिटून जागेवर ठेवली. पटलं असावं.

१७ ऑक्टोबर
विश्वासघात. मावशींनी पाच आणि सहा नंबरचे बीकर मोरीत ओतले. घासून पालथे घातले वर. जाब विचारला तर म्हणतात, वास मारत होता, तुम्हाला तीनदा विचारलं, तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालात, करा काय करायचं ते. मी असं बोलणं शक्य नाही. आणि बोललो असलो तरी तो वेगळ्या संदर्भात.

आता आठाचे सहा झाले असं कोणत्या तोंडाने सांगू? पण पाच-सहाचं पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. चार आणि सातच्या मधलं काहीतरी. त्याप्रमाणे नोंदी चालू ठेवतोय. हे खोटं नव्हे, अंदाज आहे.

२२ ऑक्टोबर
खडू आणायला मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत आठ बीकर. दूध. लेबलावर धाकट्याचं अक्षर, तारीख ५ ऑक्टोबर. माझ्याच विषयावर, माझ्याच पाठीमागे, माझ्याच कपाटात.

बोलावून विचारलं. अजिबात गडबडला नाही. म्हणाला, सर, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, एक जोडसंच हाताशी असू द्यावा. तुम्ही मान हलवली होती. रोजनिशी चाळली. पाच तारखेला मान हलवल्याची नोंद नाही.

मग त्याने स्वतःची वही पुढे केली. आजपर्यंतच्या एकूण एक दिवसाचे आकडे. शनिवार-रविवारही, दवाखान्यातून परस्पर लॅबवर येत होता म्हणे. म्हणाला, सर, हे घ्या आणि तुमच्याच नावाने मांडा, माझी काही हरकत नाही. म्हणजे उपकार. ज्याला झाकण उचलायला शिकवलं तो मला दान करतोय. म्हटलं, माझे आकडे मला पुरेत. वही त्याच्या अंगावर फेकली नाही, टेबलावर ठेवली. जरा जोरात.

२५ ऑक्टोबर, रविवार
हिला सगळं सांगितलं. वाटलं, निदान घरचं माणूस तरी आपल्या बाजूने. ही म्हणाली, तो दोनदा वही घेऊन घरी आला होता, तुम्ही दुपारचे झोपला होतात, मीच चहा दिला. मग म्हणाली, अहो, घ्या ना त्याचे आकडे, मन मोठं आहे त्याचं.

म्हणजे माझं लहान. घरातसुद्धा फितुरी.

३० ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी
सेमिनार झाला. जसं झालं तसं लिहितो.

माझे आलेख उत्तम होते. रेषा कुठेही अडखळत नव्हत्या. विद्यार्थी मागे बसून लिहून घेत होते. शेवटी तज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, सकाळी मी तुमची लॅब बघून आले. तिथे सहाच बीकर आहेत. उरलेले दोन सतरा तारखेलाच ओतले, असं झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. मग पाच आणि सहाच्या सव्वीसपर्यंतच्या नोंदी कुठून आल्या?

सभागृहात पंख्यांचा आवाज फार येतो. पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

म्हणालो, मोजणी आणि नोंदी माझ्या सहकाऱ्याकडे होत्या.

हे तसं खोटं नाही. मोजणी त्याच्याकडेच होती.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो दुसऱ्या रांगेत होता. त्याची वही मांडीवर होती. उघडून दाखवली असती तर मी त्याच मिनिटाला संपलो असतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, हो, चूक माझीच. मग बसला. वही उघडलीच नाही.

चहाच्या वेळी त्याला शोधलं. निघून गेला होता. नऊ वर्षांत न सांगता कधी गेला नव्हता. हेही लागलं मनाला.

ही विचारतेय, कसं झालं. म्हटलं, ठीक.

३१ ऑक्टोबर
निवृत्त होणाऱ्या प्रमुखांनी बोलावलं. पेढे वाटल्यासारखं तोंड करून म्हणाले, अभिनंदन, उद्यापासून खुर्ची तुमची. म्हटलं, सेमिनारमध्ये जरा गोंधळ झाला तरी? ते म्हणाले, सेमिनारचा काय संबंध? प्रमुख ज्येष्ठतेनेच होतो, कायम तसंच आहे. यादी जूनमध्येच लागली, फलकावर आहे. त्या धाकट्याला माहीत होतं की. तुम्ही वाचली नाहीत?

फलक बघितला. चार महिने तिथेच आहे. माझं नाव पहिलं.

एवढं माहीत असून त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असेल. मला आठवत नाही.

३ नोव्हेंबर
ठरवलं: बाईंना पत्र लिहून खरं काय ते कळवायचं. मसुदा केला. ‘नोंदींबाबत काही गैरसमज’ असं झालं. खोडलं. उद्या ताज्या डोक्याने.

६ नोव्हेंबर
पत्र अजून नाही. विभागप्रमुखाला कामं फार असतात.

९ नोव्हेंबर, सोमवार
धाकटा केबिनमध्ये आला. बसा म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बसा म्हटलं. तो उभाच राहिला. बदलीचा अर्ज पुढे ठेवला. दुसऱ्या गावच्या कॉलेजात. कारण: वैयक्तिक. अर्जात माझ्याविरुद्ध एक शब्द नाही. तीनदा वाचला.

विचारलं, सासरे कसे आहेत? म्हणाला, ते गेले सर, एकोणीसला.

एकोणीसला त्याने मोजणी केली होती. त्याच्या आठही बीकरची. वहीत बघितली होती मी.

अर्ज पुढे ओढला. सही केली. सहीखाली विभागप्रमुखाचा शिक्का लागतो. सगळे खण उघडून बघितले, सापडेना. शेवटी, शिक्का कुठे असतो, ते त्यालाच विचारावं लागलं.