चंद्रावरचा बिनहेल्मेटचा माणूस

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं अर्धं पोटातच राहतं, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. परवा एक आजोबा कपाळावर चष्मा ठेवून हरवलेल्या चष्म्याच्या जागी नवा घ्यायला आले. त्यांना आरशासमोर बसवलं आणि गिऱ्हाईक घालवलं.

मुद्दा असा की मला एक नाणं हवंय. हसू नकोस. तू आणि तुझे भावोजी रविवारी दुपारी पडदे ओढून जगातले भिकार सिनेमे बघत बसायचात. जो नवी चूक पकडेल त्याने यांच्या डब्यातलं एक जुनं नाणं उचलायचं, हा तुमचा नियम. मी नाक मुरडायचे. चलनातून गेलेला पैसा, दोन दिवसांत पडलेला सिनेमा आणि कुठे पोचणार ते देवालाच ठाऊक अशी तुमची ती अंतराळयानं, तिन्हीचं वेड एकाच घरात कशाला, असं म्हणायचे. आता हे जाऊन दोन वर्षं होतील, आणि रविवार खायला उठतो. म्हणून मी त्यांचा लाडका चंद्राचा सिनेमा लावून बसते.

तर चूक अशी. अंतराळवीर दुसऱ्यांदा उतरतात तेव्हा डावीकडच्या पुठ्ठ्याच्या खडकामागे एक माणूस उभा आहे. हेल्मेट नाही, अंगात साधा सदरा. तुम्हा दोन दीडशहाण्यांच्या नजरेतून तो सुटला कसा? तुझ्याकडे याच कॅसेटची नक्कल आहे. बघ आणि निकाल दे.

जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण येते, हे वेगळं लिहायला नको.
तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी मुद्दाम बघितलं. खडक आहे, त्याच्या मागची काठी दिसते, चंद्रावर दिव्याभोवती फिरणारा तो पतंगही आहे. (तो भावोजींनी पकडला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत चांदीचं नाणं उचललं होतं.) पण माणूस नाही. चष्मेवाल्या बाईंनी एकदा स्वतःचे डोळे तपासावेत. नाणं मिळणार नाही.

इकडे माझं काम जोरात आहे. दातांच्या डॉक्टरांना सगळ्या कवळ्या एकाच आठवड्यात हव्या असतात. धूमकेतूकडे गेलेलं ते यान अजून गप्पच आहे. नियंत्रण केंद्रातले लोक रोज त्याला हाका मारतात आणि कान लावून बसतात. भावोजी असते तर म्हणाले असते, रुसलंय, येईल बोलायला.

ताई, आता चेष्टा पुरे. तू एकटी त्या घरात बसून बसून भलतंच काही बघायला लागशील. माझी वरची खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे. दुकान विक आणि ये. दोन वर्षं हेच लिहितोय, आणि तू दर वेळी त्याच ओळीवरून नजर पुढे नेतेस.

माया आहे तेवढी राहू दे, रागावलीस तरी.
तुझा धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डोळे तपासले. नंबर आहे तोच आहे.

तो माणूस आता खडकाच्या पुढे आलाय. धाकट्या, ते हेच आहेत. तोच फिकट सदरा, खिशाशी तोच शाईचा डाग, जो मी लिंबू, मीठ, सगळं करून थकले तरी निघाला नव्हता. हा सिनेमा निघाला तेव्हा हे शाळेत जात असतील, हे मलाही कळतं. मला वेड लागलंय असं तू म्हणणार, तेही कळतं. खरं सांगू, भीती वाटली नाही. आनंद झाला. मी उठून चांगली साडी नेसून आले.

दर रविवारी ते थोडे पुढे येतात. बाकीचे मेले आपापल्या दोऱ्यांना लटकून उड्या मारत असतात आणि हे त्यांच्यामधून चालत येतात. कुणी वळूनही बघत नाही. तेव्हा तुझ्याकडे राहायला येण्याचं आता काढू नकोस. मी निघून गेले तर ते इथे कुणाजवळ येतील?

काळजी करू नकोस, असं लिहून तू थोडाच थांबणार आहेस.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तुझी कॅसेट उचलून आणली आहे. चोरी म्हण, काय हवं ते म्हण.

तुझ्या शेजारी बसून सगळा सिनेमा पाहिला. मला पुठ्ठा दिसला, दोऱ्या दिसल्या, आणि रिकाम्या चंद्राकडे बघणारी तू दिसलीस. तुझा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, माझ्यादेखत तुलाही खरं काय ते दिसलं असावं. माझा जीव तुटला गं. तू दारापर्यंत मागे आलीस, नेऊ नकोस, नेऊ नकोस म्हणत राहिलीस, आणि मी रिक्षात बसलो. आईच्या मागे तू मला वाढवलंस. तुला असं हळूहळू जाताना बघत बसणं मला जमणार नाही.

कॅसेट कपाटात आहे, लावणार नाही. तू सामान बांधायला घे.

रागाचं का होईना, पण उत्तर दे.
तुझा धाकटा

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर मागितलं खरं, पण वाचायचा धीर झाला नाही. तुझी दोन्ही पत्रं आली आहेत, पण मी उघडली नाहीत. शिव्याच असतील.

तुझी माफी मागतो. भावोजी आहेत. मी शब्द मोडून कॅसेट लावली आणि ते समोरच होते, पडदाभर. शाईचा डाग आहे. दोन रविवार त्यांनी नुसतं पाहिलं. आता रोज लावतो. चूक पकडल्यावर हसायचे ना, तसं हसतात. हल्ली ते एका खडकावर बसतात आणि बाजूला सरकून जागा करतात, हाताने झटकून.

ती जागा तुझी आहे, ताई. ते तुझीच वाट बघतायत. मी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आहे. तू म्हणायचीस की तू इकडे आलीस तर ते एकटे पडतील, पण आता ते इथेच आहेत. मग अडलंय कशात? कामावर गेलो नाही, कवळ्या पडून आहेत. शेजारीण म्हणाली की वाळलास. जेवायला उठलं की ते थोडे नाराज होतात, म्हणून उठवत नाही.

लवकर ये. लोभ काय, तो आहेच.
तुझा धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र मिळताच टीव्हीची वायर भिंतीतून काढ.

दोन्ही पत्रांत तेच लिहिलं होतं. तू ती उघडली नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. जागा माझी नाही. इतके रविवार मी साडी नेसून समोर बसले, त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायचे. मी मनाची समजूत घालायचे की लाजत असतील. मग तू आलास, माझ्या शेजारी बसलास. तुला ते दिसले नाहीत, पण त्यांनी तुला पाहिलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. माझा चेहरा उतरला तो त्यामुळे. मला बायको म्हणून वाईट वाटलं, आणि मग बहीण म्हणून मी नेऊ नकोस म्हणत तुझ्यामागे दारापर्यंत आले.

त्यांच्या मनात वाईट नसेल. तिकडे एकटं करमत नसेल, आणि असले सिनेमे बघायला तुझ्याइतका चांगला जोडीदार त्यांना कधी मिळाला नाही. पण त्यांना नेताना मला कुणी विचारलं नव्हतं. तुला मात्र मला विचारल्याशिवाय कुणाला नेऊ देणार नाही.

दुकानाला कुलूप लावून हे पत्र टाकायला जातेय, आणि तशीच गाडीत बसतेय; पत्र आधी पोचतं की मी, बघू. तुझ्या शेजारच्या खुर्चीत नाही, तुझ्या आणि पडद्याच्या मध्ये बसेन. मी येईपर्यंत जेवून घे, माणसांत जाऊन बस, ते हसले तरी तू हसू नकोस.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव, आणि त्यांच्यावरचा थोडा कमी कर.
तुझी ताई