थंड झाल्यावरचे माप

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस वर्षे सात महिने, शिक्षण यंत्र अभियांत्रिकीची पदवी, काम कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापणे, राहणार आईवडिलांकडे, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. त्यातून उठण्याची शक्यता डॉक्टरीणबाईंनी निम्मी-निम्मी सांगितली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट आई दोन दिवस म्हणते आहे, असलं अभद्र काही लिहू नकोस. लिहिणे भाग आहे. त्याचे कारण कलम चारमध्ये आहे.

१. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते धाकट्या बहिणीला द्यावे. तिला मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे आणि ती हे फक्त मलाच बोलली आहे. आता सगळ्यांना कळले, तर रागावू नकोस गं. कारखान्याच्या फाटकावर ‘कुशल मशिनिस्ट पाहिजेत’ ही पाटी आठ महिने लटकते आहे. पाच नवी मशीन आली, त्यातली दोन अजून प्लास्टिकखाली झाकून आहेत, कारण त्यांच्यापुढे उभे राहणारे हात मिळत नाहीत. तिचे हात स्थिर आहेत, हे मी तिला सुईत दोरा ओवताना पाहिले आहे.

२. आईच्या शिवणयंत्राला मी बसवलेली मोटर आईचीच. पट्टा ढिला झाला की धाकटीने आवळून द्यावा. आईने स्वतः स्टुलावर चढून दिवा बदलू नये, हेही याच कलमात धरावे.

३. आत्याला माझा हात धुण्याच्या साबणाचा न फोडलेला डबा. मी पदवी घेऊन मशीनवर गेले तेव्हा ती म्हणाली होती, “शिकून सवरून शेवटी हात काळेच.” आत्या, या साबणाने काळे जाते. एवढेच मनात होते, आता तेही नाही.

४. बाबांचा मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजणारे माप, जो त्यांनी नोकरी सुटल्यावर मला दिला, तो बाबांना परत.

बाबा याच कारखान्यात एकतीस वर्षे लेथवर होते. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला पहिला धडा दिला होता: “गरम धातू खोटं बोलतो. थंड होऊ दे, मग विचार.” कापताना तापलेला तुकडा फुगलेला असतो, तेव्हा बरोबर भरलेले माप निवल्यावर कमी भरते. हे मला पाढ्यांसारखे पाठ होते.

दोन वर्षांपूर्वी, नोकरीत कायम होण्याआधीच्या माझ्या चाचणीकाळाचे सहा दिवस उरले असताना, मी ॲल्युमिनियमचे बेचाळीस भाग कापले. माल न्यायला आलेली गाडी फाटकात उभी होती. मी प्रत्येक भाग मशीनमधून काढला की लगेच मापला, ऊन ऊन. सगळी मापे बरोबर आली आणि मी खूश झाले. संध्याकाळी तेच भाग चार शतांश मिलिमीटरने कमी भरले. केसाच्या निम्म्या जाडीएवढे. बेचाळीसही भंगारात गेले.

तपासणीच्या कागदावर दुसरी सही बाबांची होती. लेकीने मापले आहे म्हटल्यावर त्यांनी न मापता केलेली. फोरमनसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावले. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “मापलं मी. गरम होतं, लक्षात राहिलं नाही.”

मी गप्प बसले. हे मी सक्तीशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहिते: मी गप्प बसले.

घरी जाताना ते एवढेच म्हणाले, की घरात पहिली पदवी आली आहे, तिला पहिल्याच वर्षी डाग नको. त्यांच्या फाइलमध्ये ‘माप घेण्यात निष्काळजी’ असा शेरा पडला आणि महिनाभरात नोकरी गेली. आता ते एका गोदामात पुठ्ठ्याची खोकी मोजतात. खोक्यांची मापे बरोबर असतात, असे जेवताना गमतीने सांगतात. आम्ही हसतो.

आता कारखाना स्वतःच मुलामुलींना शिकवणार आहे आणि शिकवणारा माणूस शोधतो आहे. बाबांचे नाव पुढे आले होते. त्या शेऱ्यामुळे खोडले गेले. म्हणून मी जगले किंवा न जगले, हे कलम परवाच्या आधी कारखान्यात वाचले जावे. चूक माझी होती, मापही माझे होते.

५. बाबांच्या बोलण्यावरून मी भरलेली निळी वही, पाने एकशे बारा, जो कोणी त्या वर्गात शिकवेल त्याची. ते बाबा असावेत.

बाबांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मला काय मिळणार आहे?”

साक्षीसाठी फोरमनसाहेबांना मुद्दाम घरी बोलावले. कारखान्यात त्यांना पाठीमागे ‘अर्धंसूत’ म्हणतात, कारण ते अर्ध्या सुताच्या, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाच्या, फरकासाठी दिवसभर भांडतात. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, तरी मी त्यांना कलम चार वाचायला दिले. त्यांनी दोनदा वाचले. मग ते जे बोलले ते, त्यांच्या संमतीने, इथे जोडते:

“त्या दिवशी तुझ्या बाबांचा मायक्रोमीटर माझ्या टेबलावर होता. बरोबर दाखवतो का ते तपासायला सकाळीच दिला होता त्यांनी. त्यांनी काहीच मापलं नव्हतं, हे मला शेरा लिहितानाच माहीत होतं. तू बाहेर गेल्यावर त्यांनी हात जोडले, म्हणून लिहिलं.”

बाबा दारात पाण्याचा पेला घेऊन उभे होते. त्यांनी ऐकले. पेला टेबलावर ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, गाठ आहे त्या बाजूला, अगदी हलका.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, खरे आहे.

ठिकाण: घरातली पुढची खोली, आईचे शिवणाचे टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार, सकाळी अकरा

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: फोरमन. माझ्यासमोर सही केली. कलम चार घेऊन आत्ताच कारखान्यात जातो आहे. तिच्या बाबांना सोबत नेतो आहे.